सातवा प्रश्न

त्र्यंबकराव डबीर स्पॅनिश शिकले ते कोणाच्या सांगण्यावरून नाही. बालाघाटच्या कचेरीत भाषांतरकाराची नोकरी, घरी दोन खोल्या, पोटात आम्लपित्त आणि डोक्यात भाषांचं वेड, एवढीच त्यांची इस्टेट. एकदा नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना इंग्रजी-स्पॅनिश कोश दिसला आणि धोतरजोडी आणायला गेलेला माणूस कोश बगलेत मारून घरी आला. प्रेमलताबाईंनी दोन दिवस अबोला धरला. कचेरीतले बाबू त्यांना ‘स्पेनचे राजदूत’ म्हणायला लागले. ही थट्टा दहा वर्षं चालली. मग अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत ती एकाएकी बंद पडली, कारण राजदूताला खरोखरच काम लागलं.

काम निघालं ते सुखरामच्या खटल्यातून. तिरोडीच्या अलीकडे भोंडेखाण नावाची मँगनीजची एक लहान खाण होती. आदल्या ऑक्टोबरात तिच्यातला एक बोगदा बसला आणि महागू नि दुलीचंद असे दोन मजूर आत गाडले गेले. सुखराम तिथला टिंबर मिस्त्री, म्हणजे बोगद्याचं छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे टेकू उभे करणारा माणूस. छत आलं म्हणजे टेकू चुकला आणि टेकू चुकला म्हणजे मिस्त्री चुकला, असा पोलिसांचा सरळ हिशेब. निष्काळजीपणानं दोन जीव घेतल्याचा खटला उभा राहिला. शिक्षा झाली असती तर दोन वर्षं सक्तमजुरी.

त्यात आरोपी असा विचित्र की तोंडच उघडेना. पोलिसांनी विचारलं, कोर्टानं विचारलं, त्याचे स्वतःचे वकील भोजराज यांनी हात जोडून विचारलं. त्याचं उत्तर एकच. ‘‘गुन्हा माहाच आहे. लिहून घ्या.’’ भोजराज वकील रागानं लाल होत. स्वतःचा गळा स्वतःच फासात घालणाऱ्याला वाचवायचं तरी कसं!

त्या सकाळी बोगद्यात सुखरामखेरीज आणखी एक माणूस होता आणि तोही जिवंत बाहेर आला होता. एस्तेबान नावाचा स्पेनचा इंजिनियर. खाणीत चढउताराचं यंत्र बसवायला आलेला. अपघातानंतर तीन दिवसांनी त्याची मुदत संपली आणि तो आपल्या देशी निघून गेला. जाण्यापूर्वी त्याला कोणी काही विचारलंच नाही, कारण त्याला धड इंग्रजी येत नव्हतं आणि पोलिसांना हिंदीपलीकडे काही येत नव्हतं. भोजराज वकिलांनी अर्ज केला, मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मानला आणि इंग्रजीत सहा प्रश्न लिहून दिले. ते स्पॅनिश करून पाठवायचे. उत्तर सव्वीस फेब्रुवारीच्या आत आलं तर आलं, कारण साहेबांची बदली झाली होती आणि जाण्याआधी निकाल द्यायचाच असं त्यांनी ठरवलं होतं. विमानाच्या टपालाला जायला बारा दिवस, यायला बारा दिवस, मधे उत्तर लिहायला तीन-चार दिवस. म्हणजे लखोटा त्याच दिवशी चारच्या गोंदियाच्या गाडीनं निघायला हवा होता.

तारीख होती एकोणतीस जानेवारी, आणि त्र्यंबकरावांनी टाक हातात घेतला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

पहिले दोन प्रश्न झटपट झाले. तिसऱ्यापाशी गाडी अडली. त्या दिवशी सकाळी लाकूड कोणी ‘ड्रॉ’ केलं, असा तो प्रश्न होता. आता हा ड्रॉ म्हणजे इंग्रजांचा एक नंबरचा बहुरूपी शब्द. चित्र ड्रॉ करतात, विहिरीचं पाणी ड्रॉ करतात, पगार ड्रॉ करतात, भांडारातून माल ड्रॉ करतात, आणि खाणीतले लोक उभा टेकू उपटतात तोही ड्रॉच करतात. त्र्यंबकरावांनी बावीस वर्षं हा शब्द डोळे मिटून मराठीत उतरवला होता, कारण आपलं ‘काढणं’ तसंच आहे. चित्र काढा, पाणी काढा, पगार काढा, खांब काढा. एका शब्दानं सगळ्यांचं ओझं वाहिलं. हिंदीवाल्यांचं ‘निकालना’ही बरंच धावून येतं. पण कोशातले स्पॅनिश लोक मोठे काटेकोर. त्यांनी एका ड्रॉचे नऊ वाटे केलेले. दिबुखार म्हणजे चित्र काढणं. कोब्रार म्हणजे पगार उचलणं. साकार म्हणजे आतून बाहेर काढणं, भांडारातून आणतात तसं. कितार म्हणजे जागेवरून काढून टाकणं.

साकार की कितार? भांडारातून लाकूड आणलं असेल तर सुखरामनं आपलं कामच केलं. उभा टेकू उपटला असेल तर तो गुन्हाच. इंग्रजीत दोघंही एकाच पांघरुणाखाली सुखानं झोपले होते. स्पॅनिशमध्ये एकाला बाहेर काढल्याशिवाय वाक्यच उभं राहत नव्हतं.

साहेबांना विचारायचं तर साहेब जमिनीच्या भांडणाची जागा पाहायला रामपायलीला गेलेले, तीनपर्यंत यायचे नव्हते. भोजराज वकील दुसऱ्या कोर्टात. पट्टेवाला भैयालाल म्हणाला, ‘‘कुछ भी लिख दो न पंडितजी, यहाँ कौन पढ़नेवाला बैठा है?’’ त्र्यंबकरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी आणायला निघून गेला.

बारा वाजले. साडेबारा झाले. कागदावर तिसरा आकडा होता आणि त्याच्यापुढे कोरी जागा.

कचेरीच्या आवारात चिंचेखाली एक बाई बसलेली असे. तारीख असो नसो, ती असे. सुखरामची बायको, शेवंताबाई. सव्वा वर्षापूर्वी नवऱ्याबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलेली, आणि खाणीच्या तोंडाशी डोक्यावर दगड वाहत उमेदीची वर्षं घालवलेली. तिला खाणीचं काम ठाऊक असणार. पण भाषांतरकारानं खटल्यातल्या कोणत्याही पक्षाच्या माणसाशी बोलायचं नाही, हा नियम होता. त्र्यंबकरावांनी तो बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. मोडणाऱ्यांना त्यांनी नावं ठेवली होती, तीही चारचौघांत. शिवाय दिवस वाईट होते. राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यापासून मराठीचं भाषांतर जवळजवळ संपलं होतं आणि जादा झालेल्या माणसांची यादी वर तयार होत होती. नोकरी जायला निमित्तच हवं होतं.

एक वाजता ते उठले. आपल्याला फक्त कामाची रीत विचारायची आहे, खटल्याचं काही विचारायचं नाही, असं मनाला बजावत ते चिंचेपर्यंत गेले. माणूस स्वतःला किती शिताफीनं फसवतो!

‘‘बाई, खाणीत लाकूड काढणं म्हणजे काय करतात? भांडारातून आणतात, की उभा टेकू काढतात?’’

शेवंताबाई पदर सावरून उठून उभी राहिली. ‘‘दोन्ही म्हनते जी. तुमी कोनतं इचारून राह्यले?’’

‘‘त्या दिवशीचं.’’ शब्द तोंडातून निसटला आणि नियम मोडला.

‘‘त्या दिवशी तं उभाच काढला. ह्यायनंच काढला.’’

बाई किती सहज बोलली होती!

‘‘कोणता?’’

‘‘सरईचा. चांगला मजबूत होता. तो काढला न् त्याच्या जागी सालईचा लावला.’’

‘‘सालईचा? सालईचं लाकूड तर मऊ असतं. ते काय वजन धरणार?’’

‘‘नाईच धरत,’’ शेवंताबाई म्हणाली. ‘‘धराले लावतच नाई जी त्याले. सरई मुकी रायते. मोडते तं एकदम मोडते, सांगत नाई. सालईचं कसं, जराक वजन पडलं का करकर करते. आयकलं का पोट्टे पयतात. म्हनून दहा सरईमागं एक सालईचा लावा लागते. बोलका टेकू म्हनते त्याले. माह्या सासऱ्यानं लावला, यायनंबी लावला. कंपनीचा कायदा वेगळा आहे. कंपनी म्हनते सगळे सरईचेच पाह्यजे. मग साहेब लोकायले न सांगता लावते.’’

‘‘हे वकिलांना का नाही सांगितलं?’’

‘‘त्यायनं इचारलंच नाई. अन् हे तं मलेबी बोलत नाई. जेलात भेटाले गेली तं तोंड फिरवते.’’ तिचे डोळे भरून आले. ‘‘साहेब, तुमी लिहून राह्यले न त्या गोऱ्या साहेबाले? त्यानं पाह्यलं होतं यायले टेकू काढतानी. तेवढं नोका लिहू.’’

त्र्यंबकराव टेबलाशी परतले. आता चित्र स्वच्छ होतं, आणि स्वच्छ होतं म्हणूनच भयंकर होतं. कितार लिहिलं की स्पेनचा माणूस खरं उत्तर देणार: सुखरामनं काढला. पुढचा प्रश्न होता की मग त्यानं काय केलं. खरं उत्तर: त्या जागी हलकं लाकूड लावलं. प्रत्येक प्रश्न बरोबर, प्रत्येक उत्तर खरं, आणि ज्या माणसानं जीव वाचवायला टेकू लावला तो जीव घेतल्याबद्दल तुरुंगात. का लावला, हे सहाही प्रश्नांत कुठं नव्हतंच.

आणि साकार लिहिलं तर? भांडारातून लाकूड कोणी आणलं? सुखरामनं. मग काय केलं? लावलं. बस. प्रश्न निरुपद्रवी, उत्तर निरुपद्रवी. बालाघाटपासून नागपूरपर्यंत ती चूक ओळखणारा माणूस नव्हता. ओळखलीच कोणी, तरी कोशात दोन्ही अर्थ दिलेले होते.

दोन वाजता त्यांनी साकार लिहिलं. अक्षर सुंदर आलं. मग टाक खाली ठेवून ते त्या शब्दाकडे बघत बसले. मायबाप सरकारनं त्यांना फारसं काही दिलं नव्हतं, पण एक गोष्ट दिली होती. कागदाखाली त्यांची सही असली की दोन्ही बाजूंचे वकील तो न वाचता पुढे ढकलत. डबीरांनी केलंय ना, मग बरोबरच असणार. साकार म्हणजे त्या सगळ्या वर्षांच्या तोंडाला काळं फासणं. आणि कितार म्हणजे चिंचेखालच्या बाईचं कुंकू पुसल्यागत.

अडीचला त्यांनी तो कागद फाडला. नवा घेतला, कितार लिहिलं, सहा प्रश्न पुरे केले. मग तो तसाच टेबलावर ठेवून साहेबांची जीप येण्याची वाट पाहत ते व्हरांड्यात उभे राहिले. तीन वाजले. जीप नाही. सव्वातीन. भैयालाल सायकल काढून तयार होता, स्टेशन दहा मिनिटांवर. तीन वीसला धूळ उडाली आणि साहेब उतरले.

‘‘हुज़ूर, एक सवाल और जोड़ना पड़ेगा.’’

साहेब थकलेले होते. त्यांनी चष्मा पुसला. ‘‘आप अनुवादक हैं, डबीरजी. सवाल मैं बनाता हूँ.’’

‘‘जी. इसीलिए आपके पास आया हूँ.’’ आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. सरई, सालई, बोलका टेकू.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग फार हळू आवाजात विचारलं, ‘‘यह आपको किसने बताया?’’

ताकास तूर न लागू देता सुटायला इथं जागा होती. खाणीतल्या जुन्या माणसानं सांगितलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ‘‘मुलज़िम की औरत ने,’’ त्र्यंबकराव म्हणाले.

‘‘आपने उससे बात की? आपने?’’

‘‘जी.’’

भिंतीवरचं घड्याळ तीन पंचवीस दाखवत होतं. साहेबांनी त्याकडे पाहिलं. मग कागद ओढला आणि इंग्रजीत एक ओळ लिहिली. ते दुसरं लाकूड तिथं लावण्याचा काही हेतू तुम्हाला माहीत होता का? ‘‘यह सातवाँ. और डबीरजी, कल से दफ़्तर मत आइए. जवाब लिखकर दीजिए कि नियम क्यों तोड़ा. मुझे दुख है.’’

सातवा प्रश्न स्पॅनिशमध्ये उतरला तेव्हा चाराला अठरा मिनिटं कमी होती. भैयालाल सायकलवर असा सुटला की लखोटा गाडीत पडेपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही. त्र्यंबकराव कोश बगलेत मारून घरी चालत निघाले. चिंचेखालून शेवंताबाई बघत होती.

घरी जे व्हायचं ते झालं. प्रेमलताबाईंनी या खेपेला अबोला धरला नाही, उलट तोंडाचा पट्टा सोडला. ‘‘दुसऱ्याची उठाठेव करायला निघाले! आता भोपाळवाल्यांना आयतंच सापडलं की हो!’’ मग दोन दिवसांनी त्याच हळूच म्हणाल्या, ‘‘उत्तर येईल ना पण?’’ त्र्यंबकरावांना हे सांगता आलं असतं तर काय हवं होतं! महिनाभर ते रोज पोस्टात जात. फेब्रुवारीची विसावी गेली, बाविसावी गेली. पंचवीस तारखेलाही काही नव्हतं.

सव्वीसला सकाळी अकराच्या सुमारास भैयालाल धापा टाकत दारात आला. ‘‘चिट्ठी आ गई! साहब ने बुलाया है. किताब लेके चलो.’’

कोर्ट भरलेलं होतं. सरकारी वकील उठून हरकत घ्यायला लागले की निलंबित माणसाचं भाषांतर कसं चालेल. साहेब म्हणाले, ‘‘दूसरा कोई हो तो बुलाइए.’’ सरकारी वकील बसले. त्र्यंबकरावांनी कोश टेबलावर उघडला आणि पत्र हातात घेतलं. बारीक, तिरकं अक्षर. पाहिजे ते शब्द दिसेनात आणि दिसले ते समजेनात. पिंजऱ्यात सुखराम मान खाली घालून उभा होता, जणू हे सगळं दुसऱ्याच कोणाचं चाललं होतं.

ते एकेक वाक्य लावून हिंदीत सांगू लागले. पहिलं उत्तर: होय, मी आत होतो. दुसरं: आम्ही चौघं होतो. तिसरं: लाकूड सुखराम नावाच्या माणसानं काढलं, मी स्वतः पाहिलं. कोर्टात कुजबुज झाली. चौथं: त्या जागी त्यानं हलक्या जातीचं लाकूड लावलं. पाचवं: मला ते बरोबर वाटलं नाही. सहावं: मी मॅनेजरला सांगणार होतो. सरकारी वकिलांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना आणखी काही लागतच नव्हतं. भोजराज वकिलांनी कपाळाला हात लावला. मागं दाराशी शेवंताबाई उभी होती. तिला हिंदी सगळं कळत होतं.

‘‘सातवाँ,’’ साहेब म्हणाले.

त्र्यंबकरावांनी पहिलं वाक्य वाचलं. त्याला कोश लागला नाही. ‘‘मुझे मालूम नहीं था,’’ ते म्हणाले.

संपलं. साहेबांनी कागद पुढे ओढला.

‘‘हुज़ूर, आगे और है.’’ पुढच्या वाक्यात एक क्रियापद अडलं. ते कोशात त्या रूपात नव्हतं, मूळ रूप शोधावं लागणार होतं. पानं उलटण्याचा आवाज. एक पान. दुसरं पान. कोणीतरी खोकलं. मग त्र्यंबकरावांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि त्यांनी पुढचं सगळं एका दमात वाचून काढलं. आता ते हिंदीत सांगत होते की मराठीत, याचंही त्यांना भान नव्हतं.

‘‘मला माहीत नव्हतं. त्या सकाळी कळलं. आधी ते हलकं लाकूड ओरडलं, फाटल्यासारखं. लगेच तो माणूस ओरडला. मला त्याची भाषा येत नाही. तो काय म्हणाला ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्याच्या आवाजात असं काही होतं की मी धावत सुटलो, आणि म्हणून मी आज हे पत्र लिहितो आहे. बाकीचे दोघंही धावले होते. त्यांचे दिवे मागं राहिले, ते आणायला दोघं वळले. दिवा हरवला की कामावरून काढतात, असं मी खाणीत ऐकलं होतं.’’

निकाल त्याच संध्याकाळी लागला आणि सुखराम सुटला. त्र्यंबकरावांना लेखी ताकीद मिळाली, तूर्त नोकरी राहिली, आणि जादा माणसांच्या यादीत त्यांचं नाव पुढं लवकरच आलं, हे वेगळं सांगायला नको. पण हे सगळं नंतरचं. पत्र संपलं तेव्हा त्र्यंबकरावांनी ते टेबलावर ठेवलं. आणि तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदा पिंजऱ्यातला माणूस मान वर करून बोलला. साहेबांशी नाही, वकिलाशी नाही, त्र्यंबकरावांशी.

‘‘त्या साहेबानं आयकलं? माहा आवाज आयकला?’’

‘‘ऐकला. लिहिलंय इथं.’’

‘‘म्हंजे आवाज निंगाला होता?’’ सुखराम पुढं सरला. ‘‘मले वाटे का माही वाचाच बसली. तोंड उघडलं, पन आवाज फुटलाच नाई. म्हनून महागू न् दुलीचंद पयाले नाई. म्या नाई वरडलो म्हनून ते मेले, असंच वाटे मले.’’ आणि तो पिंजऱ्याचा कठडा धरून हमसून हमसून रडायला लागला.

‘‘क्या कह रहा है?’’ साहेबांनी विचारलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्र्यंबकरावांना पुढचं वाक्य हिंदीत उतरवता येईना. ते पिंजऱ्याकडे वळले.

‘‘निघाला होता, सुखराम,’’ ते मराठीत म्हणाले.

‘‘एकदा आनखी वाचा न जी, आवाजाचं तेवढंच,’’ सुखराम म्हणाला. त्र्यंबकरावांनी परवानगी न मागता पत्र उचललं आणि तेवढंच पुन्हा वाचलं.